शाळा नेमकी कुणाची? लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलची गोष्ट

१९५८-५९ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याच्या राजधानीत, लिटल रॉक शहरात, चारही सार्वजनिक हायस्कुलं मुलांसाठी बंद होती. शिक्षकांचे करार झालेले होते, म्हणून ते रोज हजेरी लावायचे, रिकाम्या बाकांसमोर बसायचे आणि वेळ संपली की घरी जायचे. सुमारे ३,७०० मुलांची शाळा सुटली होती. फुटबॉलचे सामने मात्र ठरल्याप्रमाणे झाले. शहरात साथ आली नव्हती, पूर आला नव्हता, तिजोरीही रिकामी झाली नव्हती. राज्याच्या गव्हर्नरने शाळा बंद केल्या आणि शहरातल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने त्याला होकार दिला.

या चार शाळांपैकी सेंट्रल हायस्कूल जगाला माहीत आहे. तिचं नाव निघालं की १९५७ मधला एक फोटो आठवतो. काळा चष्मा घातलेली, छातीशी वही धरलेली १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी चालते आहे आणि तिच्या मागून एक गोरी मुलगी तोंड वासून ओरडते आहे. तो फोटो विसरू नये असाच आहे. पण तिथेच थांबलं, की सारी गोष्ट संतापलेल्या जमावाची वाटू लागते. जमाव काही दिवस होता. मुलांचं आयुष्य अडवलं ते ठरावांनी, अर्जांनी, मनाई हुकमांनी आणि मतपत्रिकांनी, आणि हे सगळं करणारी माणसं टाय लावून टेबलाशी बसलेली होती. म्हणून ही गोष्ट कागदपत्रांच्या बाजूने समजून घ्यायला हवी.

आधी अमेरिकेतली शाळा कोण चालवतं ते पाहू. सार्वजनिक हायस्कूल करदात्यांच्या पैशावर चालतं आणि तिथे फी नसते. कारभार पाहतं स्थानिक स्कूल बोर्ड. बोर्डाचे सदस्य मतदार निवडतात, बोर्ड अधीक्षक नेमतं आणि अधीक्षक शिक्षकांपासून कोणत्या भागातली मुलं कोणत्या शाळेत जातील त्या हद्दींपर्यंत सगळं ठरवतो. शिक्षण हा विषय राज्यांकडे आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखसुद्धा नाही. पण त्याच घटनेची १४वी दुरुस्ती सांगते, की कोणत्याही राज्याने कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारू नये. तिचा अर्थ लावतात केंद्रीय न्यायालयं. न्यायालयाकडे स्वतःचं सैन्य नसतं, त्यामुळे निकाल अमलात यायचा तर कुणीतरी तो पाळावा लागतो किंवा राष्ट्राध्यक्षाने पाळायला लावावा लागतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचं सरकार तोच चालवतो. आर्कन्सॉमध्ये त्या काळी ही मुदत फक्त दोन वर्षांची होती, म्हणजे निवडणूक सतत डोक्यावर. नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदलही एरवी गव्हर्नरच्याच हुकमात असतं. पुढच्या सगळ्या घटनांची किल्ली या व्यवस्थेत आहे.

सेंट्रलची इमारत १९२७ साली उभी राहिली. १५ लाख डॉलर खर्च करून बांधलेली ही शाळा पाहायला लोक मुद्दाम येत. दर्शनी दारावर चार पुतळे आहेत: महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. प्रवेश फक्त गोऱ्या मुलांना होता. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल उभं राहिलं. त्याचा खर्च ४ लाख डॉलर, आणि त्यातही रोझेनवाल्ड फंड या दानसंस्थेचा हातभार. डनबारच्या शिक्षकांनी शाळेला मोठा लौकिक मिळवून दिला, हे आवर्जून सांगायला हवं. मुलांच्या हाती मात्र बहुतेक वेळा गोऱ्यांच्या शाळांनी वापरून झालेली पुस्तकं यायची.

या विभागणीला कायद्याचा आधार होता. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांवरून चाललेल्या एका खटल्यात म्हटलं होतं, की सोयी समान असतील तर त्या वेगवेगळ्या ठेवायला हरकत नाही. जवळपास ६० वर्षं दक्षिणेकडच्या राज्यांनी यातलं 'वेगवेगळ्या' तेवढं पाळलं. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की शाळांच्या बाबतीत वेगळं ठेवणं हीच विषमता आहे. पण हे कधीपर्यंत बदलायचं? त्याचं उत्तर वर्षभराने, मे १९५५ मध्ये आलं: सावधपणे पण शक्य तितक्या लवकर. तारीख दिली नाही. एका निकालातली ही एवढीशी फट पुढे किती रुंद करता येते, ते लिटल रॉकने दाखवलं.

खरं तर या शहराकडून कुणाला गोंधळाची अपेक्षा नव्हती. आर्कन्सॉ विद्यापीठाच्या विधी शाखेने १९४८ मध्येच एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला होता. चार्ल्सटन आणि फेएटव्हिल या राज्यातल्या छोट्या गावांनी १९५४ मध्येच शाळा एकत्र केल्या होत्या. ब्राउन निकालानंतर लिटल रॉकच्या बोर्डाने पाचव्या दिवशी जाहीर केलं, की आम्ही निकाल पाळू.

मग अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी योजना आखली. सप्टेंबर १९५७ मध्ये सुरुवात फक्त हायस्कूलपासून, मधले वर्ग त्यानंतर काही वर्षांनी, प्राथमिक शाळा सगळ्यात शेवटी. दरम्यान शहराच्या पश्चिमेला, सधन गोऱ्या वस्तीत, हॉल नावाचं नवं हायस्कूल बांधलं गेलं आणि १९५७ मध्येच सुरू झालं. तिथे एकाही कृष्णवर्णीय मुलाला पाठवलं गेलं नाही. म्हणजे शहराचा अवघड बदल सोसायचा तो सेंट्रलने, जिथे कामगार आणि मध्यमवर्गीय गोऱ्यांची मुलं उरली होती. त्या पालकांना वाटलं, श्रीमंतांनी स्वतःला वाचवलं आणि भार आपल्यावर टाकला. त्यांचा वर्णद्वेष त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण योजना आखणाऱ्यांनी आगपेटी त्यांच्या हाती दिली, असं माझं मत आहे.

कृष्णवर्णीय पालकांनी या संथ योजनेविरुद्ध १९५६ मध्ये केंद्रीय न्यायालयात दावा लावला. दाव्यातल्या मुलांपैकी वर्णानुक्रमाने पहिलं आडनाव एरन, आणि बोर्डाचे अध्यक्ष कूपर. खटल्याला 'एरन विरुद्ध कूपर' असं नाव पडलं. न्यायालयाने ब्लॉसम यांचीच योजना मान्य केली. पालक हरले, पण एक गोष्ट घडली: बोर्डाने स्वतःहून दिलेला शब्द आता न्यायालयाचा हुकूम झाला होता. सप्टेंबर १९५७ ही तारीख पक्की झाली.

सेंट्रलच्या हद्दीत शेकडो कृष्णवर्णीय मुलं राहत होती. गुण, वर्तन, घरची पार्श्वभूमी अशा चाळण्या लावून त्यातून १७ निवडली गेली. त्यांना बजावण्यात आलं, की खेळ, गायनवृंद, मंडळं यांत भाग घेता येणार नाही, फक्त वर्ग. शेवटी नऊ जण उरले: अर्नेस्ट ग्रीन, एलिझाबेथ एकफर्ड, मिनीजीन ब्राउन, मेल्बा पॅटिलो, ग्लोरिया रे, थेल्मा मदरशेड, टेरेन्स रॉबर्ट्स, जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स. त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या डेझी बेट्स, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या राज्यातल्या अध्यक्ष आणि नवऱ्याबरोबर 'आर्कन्सॉ स्टेट प्रेस' हे वर्तमानपत्र चालवणाऱ्या.

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला असताना काही गोऱ्या मातांच्या गटाने राज्याच्या न्यायालयातून स्थगिती मिळवली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय न्यायाधीश रोनाल्ड डेव्हीस यांनी ती रद्द केली. मग २ सप्टेंबरच्या रात्री गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी टीव्हीवरून जाहीर केलं, की हिंसाचार होण्याची भीती आहे, म्हणून मी नॅशनल गार्ड बोलावला आहे. शांतता राखायला आलेल्या या सैनिकांना दिलेला हुकूम होता, कृष्णवर्णीय मुलांना आत जाऊ देऊ नका.

४ सप्टेंबरला बाकीची मुलं एकत्र जाणार होती. एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे तिला निरोप पोचला नाही. ती एकटीच बसने आली. सैनिक गोऱ्या मुलांना वाट देताना तिला दिसत होते. ती पुढे गेली तर त्यांनी तिची वाट अडवली. मागे वळली तर जमाव. शिव्या, धमक्या, अंगावर येणारी माणसं. ती चालत चालत बसच्या थांब्यापर्यंत गेली आणि बाकावर बसली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बातमीदार बेंजामिन फाइन तिच्या शेजारी बसले. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईने तिला बसमध्ये चढवून तिथून बाहेर काढलं. एवढ्या मोठ्या गर्दीत मदतीला पुढे आलेल्या या दोघांची नावंही फोटोइतकीच लक्षात राहावीत असं वाटतं.

आता पेच समजून घ्या. केंद्रीय न्यायालय म्हणतं, मुलांना आत घ्या. राज्याचे सैनिक बंदुका घेऊन दारात उभे. बोर्ड मधल्यामध्ये. या स्थितीत न्यायाधीश दोनच गोष्टी करू शकतो: हुकूम आणखी स्पष्ट करणं, आणि न पाळल्यास बेअदबीचा इशारा देणं. २० सप्टेंबरला डेव्हीस यांनी निकाल दिला, की बोर्डाची योजना गव्हर्नरने गार्डच्या बळावर उधळली आहे. यापुढे त्यांनी अडथळा आणू नये. फॉबस यांनी गार्ड काढून घेतला आणि शहर पोलिसांच्या भरवशावर सोडून दिलं.

२३ तारखेला नऊ मुलं बाजूच्या दाराने आत गेली. बाहेर हजाराहून अधिक लोक जमले होते. त्यांनी कृष्णवर्णीय पत्रकारांना मारलं. दुपारपर्यंत पोलिसांना मुलांना मागच्या बाजूने बाहेर न्यावं लागलं. महापौर वुड्रो विल्सन मॅन यांनी राष्ट्राध्यक्षांना तार करून सैन्य मागितलं.

राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना ब्राउन निकालाबद्दल फारसा उत्साह नव्हता. पण देशभर प्रसारित झालेल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की निकालाबद्दलच्या वैयक्तिक मतांचा त्याच्या अंमलबजावणीशी संबंध नाही. २४ सप्टेंबरला त्यांनी दोन गोष्टी केल्या. लष्कराच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजाराहून अधिक सैनिक रवाना केले, हे सर्वांना माहीत आहे. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. त्यांनी आर्कन्सॉचा सगळा नॅशनल गार्ड गव्हर्नरच्या हातून काढून केंद्राच्या सेवेत घेतला. कायद्यात ही तरतूद आहे. तीन आठवड्यांपूर्वी ज्या दलाला मुलांना अडवण्याचा हुकूम होता, त्याच दलाला आता मुलांचं रक्षण करण्याचा हुकूम मिळाला. फॉबस यांच्या हातात जे शस्त्र होतं, ते एका सहीने गेलं.

२५ सप्टेंबरला नऊ मुलं सैनिकांच्या कड्यातून दर्शनी दाराने आत गेली. इतिहासाची पुस्तकं बहुधा इथे धडा संपवतात. मुलांचं वर्ष मात्र तिथे सुरू झालं. सैनिक मार्गिकेत सोबत असायचे, पण वर्गात, स्वच्छतागृहात, कपडे बदलण्याच्या खोलीत जायची त्यांना परवानगी नव्हती. लाथा, थुंकणं, जिन्यावरून ढकलणं, सगळं त्या जागांमध्ये घडायचं. डिसेंबरमध्ये कॅफेटेरियात वाट अडवून त्रास देणाऱ्या मुलांवर मिनीजीनच्या हातातलं चिली या मसालेदार रश्श्याचं भांडं सांडलं आणि तिला निलंबित केलं. फेब्रुवारीत दुसऱ्या एका घटनेनंतर तिला काढूनच टाकलं. शाळेत चिठ्ठ्या फिरल्या: एक गेली, आठ उरले.

उरलेले आठ टिकले. २७ मे १९५८ रोजी अर्नेस्ट ग्रीन सेंट्रलमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. ६०० हून अधिक मुलांच्या त्या समारंभात प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या, त्याच्या नावाला शांतता पसरली. प्रेक्षकांत त्याच्या कुटुंबाबरोबर मार्टिन ल्यूथर किंग बसलेले होते.

यानंतर बोर्डानेच न्यायालयात अर्ज केला, की शाळेत शिकवणं अशक्य झालं आहे, अडीच वर्षं मुदत द्या. खालच्या न्यायालयाने ती दिलीही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुट्टी असताना खास बैठक भरवून १२ सप्टेंबर १९५८ रोजी न्यायालयाने मुदत नाकारली. सविस्तर निकाल, 'कूपर विरुद्ध एरन', २९ सप्टेंबरला आला. मुख्य मुद्दा साधा आहे. गोंधळ राज्याच्या नेत्यांनीच माजवला. त्याच गोंधळाचं कारण देऊन मुलांचे घटनात्मक हक्क काढून घेता येणार नाहीत. आणि घटनेचा जो अर्थ सर्वोच्च न्यायालय लावतं, तो प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरवर आणि विधिमंडळावर बंधनकारक आहे. एरवी निकालावर लिहिणाऱ्या एका न्यायमूर्तीचं नाव असतं. इथे नऊही न्यायमूर्तींनी स्वतःची नावं घातली, कुणाला पळवाट सापडू नये म्हणून.

पण १२ सप्टेंबरच्याच दिवशी फॉबस यांनी, विधिमंडळाने आधीच तयार ठेवलेल्या कायद्यावर सही केली होती. त्यानुसार गव्हर्नर शाळा बंद करू शकत होता आणि मग मतदारांचा कौल घ्यायचा होता. २७ सप्टेंबरला मतदान झालं. प्रश्न शाळा उघड्या ठेवायच्या का, असा नव्हताच. सगळ्या शाळांचं वांशिक एकत्रीकरण हवं की नको, असा होता. विरोधात १९,४७०, बाजूने ७,५६१. सगळं एकदम, नाहीतर काहीच नाही, एवढेच दोन पर्याय ठेवल्यावर निकाल ठरलेलाच होता. प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणं कठीण.

सार्वजनिक इमारती एका खासगी संस्थेला भाड्याने देऊन तिथे फक्त गोऱ्यांची शाळा चालवायचा बेत होता. केंद्रीय न्यायालयाने तो रोखला. मग टी. जे. रेनी नावाची खासगी शाळा निघाली, केवळ गोऱ्यांसाठी. काही मुलं दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे गेली, काहींनी पोस्टाने अभ्यासक्रम केले, काही सैन्यात भरती झाली, काहींची लग्नं झाली, काही कामाला लागली. गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांना कुठे ना कुठे शिक्षण मिळालं. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच मिळालं नाही. त्यांच्यासाठी असलेलं होरेस मान हायस्कूलही बंद होतं. एकत्रीकरण टाळण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत सर्वांत जास्त त्यांनी मोजली, आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांनी सेंट्रलमध्ये जायचं म्हटलंही नव्हतं. लिटल रॉकमध्ये आजही त्या वर्षाला 'हरवलेलं वर्ष' म्हणतात.

शाळा परत उघडल्या त्या स्त्रियांच्या चिकाटीमुळे. सप्टेंबर १९५८ मध्ये ॲडॉल्फीन फ्लेचर टेरी यांनी वयाच्या ७५व्या वर्षी, आपल्या घरी, शाळा उघडण्यासाठी स्त्रियांची तातडीची समिती स्थापन केली. सदस्य फक्त गोऱ्या स्त्रिया, आणि मागणी फक्त 'शाळा उघडा'. समानतेचा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला, कारण तो उच्चारला तर मतं मिळणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. आज हे वाचताना खटकतं, आणि खटकायलाच हवं. तरीही फोन, पत्रकं, मतदार याद्या यांच्या जोरावर जे काम त्यांनी केलं, ते शहरातल्या प्रतिष्ठित पुरुषांना तोवर जमलं नव्हतं. सदस्यांची नावं गुप्त होती. १९९८ मध्ये ती टेरी यांच्या घराच्या खिडक्यांच्या काचांवर कोरली गेली.

मे १९५९ मध्ये वळण आलं. बोर्डात तीन सदस्य मवाळ, तीन कडवे. ५ मे रोजी मवाळ सदस्य बैठक सोडून गेले आणि उरलेल्या तिघांनी ४४ कर्मचाऱ्यांना काढून टाकलं: ३४ शिक्षक, ७ मुख्याध्यापक, ३ सेक्रेटरी. कारण एवढंच, की ते एकत्रीकरणाच्या बाजूचे असल्याचा संशय. कृष्णवर्णीय मुलांच्या हक्कासाठी न उठलेलं गोरं लिटल रॉक आपल्या मुलांच्या शिक्षकांसाठी उठलं. २५ मे रोजी सदस्यांना पदावरून काढायचं का, यावर मतदान झालं आणि तिन्ही कडवे सदस्य थोड्या मतांच्या फरकाने गेले. जूनमध्ये केंद्रीय न्यायालयाने शाळाबंदीचा कायदा घटनाबाह्य ठरवला. १२ ऑगस्ट १९५९ रोजी, नेहमीपेक्षा लवकर, शाळा उघडल्या. त्या दिवशी सेंट्रलवर चाल करून आलेल्या जमावाला पोलीस प्रमुख यूजीन स्मिथ यांनी अग्निशमन दलाच्या पाण्याने पांगवलं. दोन वर्षांपूर्वी जे सैन्याला करावं लागलं, ते ठरवल्यावर शहराच्या पोलिसांनाही करता आलं.

नऊपैकी जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स सेंट्रलमध्ये परतले. फेब्रुवारी १९६० मध्ये कार्लोटाच्या घरावर बॉम्बस्फोट झाला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर होती, आणि त्या वर्षी तिने पदवी घेतली. फॉबस १९६७ पर्यंत गव्हर्नरपदावर राहिले.

शहरातल्या सगळ्या इयत्ता एकत्र व्हायला १९७२ उजाडलं. तोवर पुष्कळ गोरी कुटुंबं उपनगरांत किंवा खासगी शाळांकडे वळू लागली होती. केंद्रीय न्यायालयाची लिटल रॉकच्या शाळांवरची देखरेख २००७ मध्ये संपली, म्हणजे पहिल्या दाव्यानंतर अर्धशतकाने. १९९८ मध्ये सेंट्रल राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, पुढच्या वर्षी त्या नऊ जणांना काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, सुवर्णपदक मिळालं, आणि इमारतीत वर्ग आजही भरतात.

कारभार कुणाचा हा वाद मात्र परत आला. जानेवारी २०१५ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने ५ विरुद्ध ४ मतांनी शहराचं निवडून आलेलं बोर्ड बरखास्त केलं आणि शाळा ताब्यात घेतल्या. कारण दिलं, की ४८ पैकी ६ शाळांचे निकाल कमी आहेत. त्या सहांत हॉल हायस्कूलही होतं. पालकांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शिक्षकांनी एक दिवसाचा संप केला. जवळपास सहा वर्षं शहरातल्या मतदारांना स्वतःच्या शाळांबद्दल मत देता आलं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि नवं नऊ सदस्यांचं बोर्ड आलं.